बाजार पडताना झोप लागायची असेल तर आधी पैशाची तारीख सांगा

खानापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलंय. वय चव्वेचाळीस, नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये. चार वर्षांपासून महिन्याला ८,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता, चालू आहे. गेल्या वर्षी सोसायटीतली ठेव मुदत संपून आली, ते २,००,००० त्यांनी एकरकमी स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, फंडात घातले. शिवाय मित्राच्या ग्रुपवर आलेल्या नावांवरून १,२०,००० चे शेअर घेतले. मध्यंतरी ॲपवर सगळं मिळून ८,१०,००० दिसत होते, आता ६,६८,००० दिसतात. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे, जुलैच्या आसपास इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला दीडेक लाख लागतील. घरची मंडळी, म्हणजे पत्नी, म्हणतात, सगळं मोडा आणि सोसायटीत नाहीतर सोन्यात घाला. त्यांचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: "मन शांत कसं ठेवायचं? रात्री दोन-दोनदा उठून ॲप बघतोय."

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मी बेळगावात म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. ग्राहकाचे पैसे फंडात राहिले तर मला ट्रेल कमिशन मिळतं, काढले तर थांबतं. म्हणजे "काढू नका" म्हणण्यात माझा फायदा आहे. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. तुमचे काही पैसे काढायला मी सांगणार आहे, तेही ह्याच हिशेबात धरा.

मन शांत ठेवायचे उपाय म्हणून लोक प्राणायामापासून मोठमोठ्या गुंतवणूकदारांच्या वचनांपर्यंत काय काय सांगतात. माझा अनुभव असा की पडत्या बाजारात घाबरणारा माणूस सहसा भित्रा नसतो. त्याचे चुकीचे पैसे बाजारात असतात. ज्या पैशाला सहा महिन्यांनी पाय फुटणार आहेत, तो पैसा शेअरमध्ये ठेवून कुणालाच झोप लागत नाही आणि लागूही नये.

२३ मार्च २०२० चं सांगतो. पाडवा दोन दिवसांवर, गावात सगळं बंद व्हायला लागलेलं. सकाळी बाजार उघडला आणि निर्देशांक १० टक्के खाली गेले, नियमाप्रमाणे पाऊण तास व्यवहार थांबले, पुन्हा सुरू झाले आणि दिवसअखेर निफ्टी १३ टक्के खाली बंद झाला. त्या एका दिवसात मला आलेल्या फोनांपैकी दोन अजून आठवतात. पहिला हिंडलग्याच्या बाजूच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा.

"मार्केट लई पडालंय म्हणे. आमचं सगळं काढून टाका बघू."

"काढतो की साहेब. ह्या पैशाचं यंदा काय काम आहे?"

"काम कसलं? पेन्शन येतंय की महिन्याला. घर झालंय, पोरगी दिली."

"मग काढून ठेवणार कुठं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आसू दे तर. मी पुन्हा फोन करतो." पुन्हा फोन आला तो थेट दिवाळीच्या सुमारास, नातवाच्या नावानं नवीन खातं काढायला. तोपर्यंत निफ्टीनं जानेवारीतली पातळी ओलांडली होती.

दुसरा फोन वडगावच्या एका यंत्रमागवाल्यांचा. माणूस सुभेदारांपेक्षा कितीतरी थंड डोक्याचा. त्यानं मला एकदाही "काय होणार?" विचारलं नाही. पण आदल्या वर्षी बाजार चांगला चाललाय म्हणून सुताच्या व्यापाऱ्याला द्यायचे पैसे त्यानं चार महिन्यांसाठी म्हणून इक्विटी (शेअरच्या) फंडात फिरवले होते. माग बंद पडले, साड्या घरात पडून राहिल्या, कोगनोळी नाक्यावर वाहतूक अडली, आणि सूतवाल्याचा तगादा थांबेना. त्यानं मार्चच्या शेवटी निम्म्याहून जास्त युनिट विकली. तेवढाच शहाणा, तोच बाजार, तोच आठवडा. फरक एवढाच की एकाच्या पैशाला तारीख नव्हती आणि दुसऱ्याच्या पैशाला होती.

म्हणून तुमच्या मनाचं नंतर बघू, आधी स्टेटमेंट बघू. तुम्ही पाठवलेलं एकत्रित स्टेटमेंट, ते सीएएस, मी ओळ-ओळ वेगळी करून वाचलं. ॲप सगळं एका आकड्यात दाखवतं आणि तिथंच घोळ होतो. एसआयपीत तुम्ही आजवर ३,८४,००० घातले, त्याचे आज ४,४१,००० आहेत. म्हणजे एवढं पडूनही ५७,००० वर. स्मॉलकॅपमधल्या २,००,००० चे १,५६,००० झालेत. शेअरचे १,२०,००० होते, ते ७१,००० वर आलेत. एकूण घातले ७,०४,०००, आहेत ६,६८,०००. तुमचा तोटा ३६,००० आहे.

तुम्ही मात्र रात्री उठून १,४२,००० गेले म्हणून हळहळताय. तो हिशेब ८,१०,००० पासूनचा आहे. तो आकडा काही दिवस स्क्रीनवर होता, तुम्ही तो मनातल्या मनात खर्चही करून टाकला असेल, पण तो कधी खात्यात जमा झाला नव्हता. मी ह्यावर कुणाशी वाद घालत नाही, कारण शिखरापासून मोजायची सवय भल्याभल्यांची जात नाही. फक्त कागदावर दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. डोळ्यांना ३६,००० दिसले की हात मोबाईलकडं जरा कमी जातो.

बातम्यांचंही तसंच. "सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला" असा मथळा आला की काळजात धस्स होतं. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंक पडला, ती घसरण सात टक्क्यांच्या वर होती. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, तो जवळजवळ ४,४०० अंक पडला. ऐकायला तिप्पट, पण टक्क्यांत सहाच्या आतच. आणि ७ जूनला तो नव्या उच्चांकावर होता. निर्देशांक ८०,००० ला असताना हजार अंक पडला तर सव्वा टक्का पडला. "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी स्वाहा" हा मथळा तर कंपन्यांच्या एकूण बाजारमूल्यातला फरक असतो. त्यात प्रवर्तकांचा (कंपनीच्या मूळ मालकांचा) आणि सरकारचा वाटाही आला. तुमच्या खिशातून तेवढे कुणी नेलेले नसतात.

आता कामाचं. मुलीच्या प्रवेशाचे दीड लाख आत्ताच काढा. बाजार वर येईल, मग काढू, असं म्हणू नका. येईलही, पण जुलैच्या आधी येईल असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि कॉलेज तुमची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) बघून फी घेत नाही. हे पैसे एसआयपीच्या जुन्या फंडातून काढा. त्यात तुम्ही आजही नफ्यात आहात, त्यामुळं "तोट्यात विकलं" हा सलही राहणार नाही. विकताना सगळ्यात जुनी युनिट आधी जातात. ती वर्षाच्या वरची, म्हणून सहसा एक्झिट लोड (लवकर काढल्याचा आकार) लागत नाही. कराचं म्हणाल तर वर्षभराच्या वर ठेवलेल्या इक्विटीवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्याच्या वर साडेबारा टक्के. दीड लाख काढताना त्यात तुमचा नफा त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही. एकदम काढवत नसेल तर पन्नास-पन्नास हजार तीन महिन्यांत काढा. ते मन राखायला आहे, हिशेबात त्यानं फार फरक पडत नाही. पैसे आले की बँकेत जुलैच्या आधी संपणारी एफडी करा, किंवा लिक्विड फंड (अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांचा फंड). ह्या पैशावर एक-दीड टक्का जास्त कुठं मिळतो म्हणून शोधत बसू नका.

दुसऱ्या वर्षाच्या फीचंही तेच, फक्त घाई नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत ती रक्कम हळूहळू एफडीत न्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे पैसे आहेत तिथं राहू देत.

अजून एक विचारायचं राहिलं: घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे वेगळे आहेत काय? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नसतील असं धरतो. शेअर बाजार आणि उद्यमबाग ही दोन वेगळी जगं नाहीत. गाड्यांचा खप घटला की सुट्या भागांच्या ऑर्डरी कमी होतात, आधी ओव्हरटाइम जातो, मग शिफ्ट. बहुधा त्याच सुमारास बाजारही खालीच असतो. पगार आणि फंड एकाच वेळी आटले तर कितीही धीराचा माणूस वाटेल त्या भावाला विकतो. स्मॉलकॅपला हात लावण्याआधी, गरज पडली तर दोन-चार महिने एसआयपी निम्मी करून, हा साठा करा. एसआयपी बंद करू नका म्हणणारे मला इथं टोकतील. टोकू द्यात. घरात राखीव पैसा नसलेल्या माणसाची एसआयपी पहिल्या फटक्यातच मोडते.

तो साठा असेल, किंवा झाला, की मग एसआयपी पुरती चालू ठेवा. ह्याचं गणित सोपं आहे, पण पडत्या बाजारात तेच विसरायला होतं. एनएव्ही ८० असताना तुमच्या ८,००० ला १०० युनिट मिळतात. बाजार २० टक्के पडून ती ६४ वर आली की त्याच पैशात १२५. तुम्ही अजून पंधरा वर्षं घेणारे आहात. घेणाऱ्याला भाव उतरल्याचं दुःख का व्हावं? नेसरगीच्या शेतकऱ्याला सोयाबीन उतरलं तर रडू येतं, तेल गाळणाऱ्याला येत नाही. फक्त एक बारीक गोष्ट सांभाळा, हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे हवेत. नसले तर बँक दंड घेते, आणि लागोपाठ तीन महिने हप्ता चुकला तर एसआयपी सहसा आपोआप रद्द होते. घाबरून बंद केलेल्या एसआयपींपेक्षा अशा नकळत बंद पडलेल्या एसआयपी मी जास्त बघितल्यात. दोन वर्षांनी कळतं, तेव्हा स्वस्तातली युनिटं हुकलेली असतात.

स्मॉलकॅपमधल्या एकरकमी पैशाचं उत्तर इतकं गोड नाही. १,५६,००० चे पुन्हा २,००,००० व्हायला २२ नाही, २८ टक्के वर जावं लागतं. किती दिवसांत? २०२० मध्ये आठ महिन्यांच्या आत बाजार वर आला, त्यामुळं त्यानंतर आलेल्या पिढीला वाटतं बाजार असाच पडतो आणि असाच उठतो. मी २००८ पण बघितलंय. जानेवारीत २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८,००० च्याही खाली जाऊन आला. नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत तो जुन्या पातळीला शिवला, पुन्हा घसरला, आणि तिथून पुढं खऱ्या अर्थानं सरकायला २०१३ ची अखेर उजाडली. स्मॉलकॅपवाल्यांना त्याहून जास्त कळ काढावी लागली. जपानचा निक्केई तर १९८९ च्या डिसेंबरमधल्या पातळीवर परतला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यामुळं "बाजार नेहमी परत येतो" हे वाक्य मी वापरत नाही. आपल्याकडं आजवर आलाय, अर्थव्यवस्था वाढतेय तोवर येईल असं मला वाटतं, पण तारीख कुणाच्याच हातात नाही. ह्या दोन लाखांना सात-आठ वर्षं हात लावायची गरज नसेल तर ठेवा. तीन वर्षांत घराची गळती काढायची असेल, भाच्याच्या लग्नात द्यायचे असतील, तर निम्मे काढून बाकीचे ठेवा आणि त्या विषयाचा निकाल लावा.

शेअरचं मात्र स्पष्ट बोलतो. निर्देशांक वर येतो, कारण पडलेल्या कंपन्या त्यातून काढल्या जातात आणि नव्या घेतल्या जातात. तुमच्या डिमॅटमधून कुणी काही काढत नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता, मार्च २०२० मध्ये एका दिवशी तो एक आकडी भाव दाखवून गेला. डीएचएफएल ह्या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांच्या हाती तर २०२१ मध्ये शून्य आलं. ती काही टिपवाल्यांची टुकार कंपनी नव्हती, चांगल्या-चांगल्यांनी घेतलेली होती. तेव्हा तुमच्याकडचा प्रत्येक शेअर समोर ठेवा आणि कंपनी नेमकं काय विकते, मागच्या तीन वर्षांत नफा झाला काय, कर्ज किती आहे, हे तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगता येतंय काय ते बघा. येत नसेल तर विका. घेतलेल्या भावाची वाट बघू नका. ७१,००० चे १,२०,००० व्हायला ६९ टक्के लागतात, आणि तुम्ही कितीला घेतलं हे त्या कंपनीच्या गावीही नाही.

आणि "ॲव्हरेज करतो", म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणतो, म्हणून त्यातच आणखी ओतू नका. फंडात दर महिन्याला घालणं वेगळं, बुडत्या एका कंपनीत घालणं वेगळं. त्यातही उसने पैसे तर अजिबात नकोत. बाजार पडला की आपल्याकडं एक ठरलेली गोष्ट घडते, कुणीतरी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून "स्वस्तात मिळतंय" म्हणून उतरतो. गोल्ड लोनचं व्याज रोज चढतं, शेअर रोज चढत नाही. ब्रोकरच्या मार्जिनवर (उधारीवर) घेतलं तर त्याहून वाईट: भाव आणखी उतरला की पैसे भरा म्हणून मेसेज येतो, नाही भरले तर ब्रोकरच विकून टाकतो. तुम्ही शांत असलात तरी उपयोग काय? विकायचा निर्णयच तुमचा राहत नाही. फ्युचर-ऑप्शनमध्ये (भावाच्या पुढच्या चढउतारावरच्या सौद्यांत) तोटा "कव्हर" करायचा विचार मनात आला असेल तर शेअर बाजाराची नियामक सेबी हिनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा वाचा: २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत तिथं उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींच्या वर.

रात्री ॲप बघण्यानं तुमच्या फंडाचं काही होत नाही हे तर तुम्हाला माहीत आहेच, तरी सांगतो. फंडाची एनएव्ही दिवसातून एकदाच ठरते. दुपारी तीनच्या आत विकायला टाकलं तर त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या भावानं, तीननंतर टाकलं तर दुसऱ्या दिवशीच्या. म्हणजे सकाळी सव्वानऊला लाल आकडे बघून धडपडत बटण दाबणाऱ्याला आणि जेवून-खाऊन अडीचला दाबणाऱ्याला एकच भाव मिळतो. धावपळ करून काही वाचत नाही. माझ्या काही ग्राहकांनी ॲप ठेवलंय पण नोटिफिकेशन बंद केलीत, आणि हप्ता जातो त्या तारखेलाच महिन्यातून एकदा बघतात. मला हे पुरेसं वाटतं. विकायचंच वाटलं तर आज कागदावर लिहायचं, का विकतोय आणि ते पैसे कुठं जाणार, आणि तीन दिवसांनी तोच कागद वहिनींसमोर वाचायचा. "कुठं जाणार" ह्याचं उत्तर लिहिता आलं नाही तर बहुतेक वेळा विकायचं कारणही नसतं. त्या निमित्तानं सगळीकडं त्यांचं नाव नॉमिनी म्हणून आहे काय, तेही तपासून घ्या.

आता वहिनींचं म्हणणं. ते तुम्ही हसण्यावारी नेलंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, नेऊ नका. घरात काहीतरी न हलणारं असावं ही त्यांची मागणी रास्त आहे. वर सांगितलेली एफडी आणि सहा महिन्यांचा साठा हेच त्याचं उत्तर. सोनंही थोडं असू दे, पण दागिना म्हणजे गुंतवणूक नाही, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी घेतानाच जातो. आणि सोनंही थांबतं: २०१२ च्या अखेरीपासून पुढची पाच-सहा वर्षं ते दहा ग्रॅमला ३०,००० च्या आगेमागेच घुटमळत होतं. तेव्हा कुणी रात्री उठून भाव बघितला नाही, कारण पाटल्या कपाटात होत्या, मोबाईलमध्ये नव्हत्या.

सोसायटीबद्दल मात्र सावध करतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. क्रेडिट सोसायटी आणि सौहार्द सहकारी पतसंस्था ह्यांना ते नाही. पाटीवर "सहकारी" एकसारखंच लिहिलेलं असतं, म्हणून लोक फसतात. आपल्या भागात बारा-तेरा टक्के व्याज देणाऱ्या एका सोसायटीच्या दारात ठेवीदार पासबुकं घेऊन उभे राहिलेले मी बघितलेत. त्यांना रोज भाव दाखवणारं ॲप नव्हतं, त्यामुळं शेवटच्या दिवसापर्यंत सगळे शांत होते. ठेवायचेच असतील तर त्या सोसायटीचा मागच्या दोन वर्षांचा ताळेबंद मागा, थकबाकी किती आहे विचारा, आणि जेवढे गेले तरी घर हलणार नाही तेवढेच ठेवा.

शेअर विकले तर एक काम विसरू नका. घेऊन वर्ष झालं नसेल तर तो अल्पकालीन तोटा ठरतो, आणि कोणत्याही भांडवली नफ्यातून, अल्प किंवा दीर्घ, वजा करता येतो. वर्षाच्या वरचा असेल तर फक्त दीर्घकालीन नफ्यातून. यंदा नफा नसेल तर तोटा पुढं आठ वर्षं नेता येतो, पण त्यासाठी आयकर रिटर्न मुदतीच्या आत भरावं लागतं. पगारातून टीडीएस कापलाय म्हणून तुम्ही रिटर्नकडं दुर्लक्ष करत असाल, तर यंदा तेवढं करू नका.